अक्षतांपासून बेताशारपर्यंत : पुण्यातील एका लग्नसंगीत सेवेचा अनुभव

लग्नाच्या संगीताला विधीसाठी थांबता आले पाहिजे, ही एकच अट घेऊन आम्ही कोथरूडमधील या लग्नसंगीत सेवेकडे गेलो होतो. जेथे वाजवणारा किंवा गाणारा माणूस समोर बसलेला होता तेथे ती अट उत्तम रीतीने पाळली गेली, आणि जेथे काम ध्वनिमुद्रणावर सोपवले गेले तेथे ती मोडली. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की पुण्यात लग्न ठरले की कार्यालय, भोजन आणि छायाचित्रण यांची चौकशी घरातील प्रत्येक जण करतो. संगीताची चौकशी मात्र ‘डीजे किती वाजेपर्यंत’ या प्रश्नापुढे क्वचितच जाते.

माझ्या भाच्याचे हे लग्न होते. वधू कझाकस्तानातील अल्माटी शहराची असून दोघांची ओळख तेथे वैद्यकीय शिक्षण घेताना झाली. लग्न मराठी पद्धतीने सकाळी आणि स्वागतसमारंभ सायंकाळी, असे ठरले. वधूच्या आईवडिलांची इच्छा एवढीच होती, की सायंकाळी ‘बेताशार’ व्हावा. कझाक लग्नात नवी सून वराच्या घरी आली, की तिच्या चेहऱ्यावरचा पदर दूर करून तिला सासरच्या मंडळींची ओळख करून देण्याचा हा विधी आहे, आणि तो पूर्णपणे गाण्यातून होतो. गायक दोम्ब्रा हे कझाक तंतुवाद्य हाती घेऊन आधी वधूला नव्या घरातील वागण्याविषयी चार गोष्टी सांगतो. मग वराकडील एकेका नातेवाइकाचे नाव घेऊन त्याच्या स्वभावावर एक कडवे रचतो, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी वधू त्या व्यक्तीला वाकून नमस्कार करते. ज्याचे नाव घेतले जाते तो मुखदर्शनाची भेट देतो. शेवटी गायक, पुष्कळदा दोम्ब्राच्या दांडीनेच, वधूच्या चेहऱ्यावरचे वस्त्र बाजूला करतो. हा विधी वराच्या घरचा असल्यामुळे तो पुण्यात होणे सर्वथा योग्य होते. फक्त त्याचा गायक, जो एरवी वराकडील मंडळी आणतात, तो येथे वधूपक्षाबरोबर अल्माटीहून आला.

हळदीच्या सायंकाळविषयी फार लिहिण्यासारखे नाही. डीजेने नेहमीची गाणी लावली, मुले नाचली आणि रात्री बरोबर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झाले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘आणखी एक गाणे’ म्हणणाऱ्या पंचवीस तरुणांसमोर ते पाळणारा डीजे विरळा, आणि त्याबद्दल या सेवेला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

सकाळच्या सनई-चौघड्याविषयी मात्र मनापासून लिहावेसे वाटते. सेवेच्या मालकांच्या घरात सनईवादन पिढीजात आहे, आणि त्याचा पहिला पुरावा वादनाच्या आधीच मिळाला. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी वाजंत्र्यांसाठी प्रवेशद्वाराबाहेर, वाहनतळाच्या बाजूला जागा ठेवली होती. मालकांनी ती नम्रपणे नाकारली आणि जेथून बोहले स्पष्ट दिसेल अशी आतली, थोडी उंच जागा मागून घेतली. हा मानाचा प्रश्न आहेच, पण त्याहून अधिक कामाचा आहे. मंगलाष्टके चालू असताना सनई गप्प असते; शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट बाजूला सरला आणि अक्षता पडल्या, की त्याच क्षणी वाजंत्री सुरू व्हावी लागते. मंगलाष्टकांतील एका पारंपरिक श्लोकात तर तोवर वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये, अशी सूचनाच आहे. गुरुजी किती श्लोक म्हणतील, वधूची मामी कागदावर लिहून आणलेले स्वतःचे मंगलाष्टक म्हणायला पुढे येईल की नाही, मुहूर्ताला अजून दोन मिनिटे आहेत म्हणून एखादा श्लोक वाढवला जाईल का, हे आधी कोणालाच माहीत नसते. वाजवणाऱ्याला बोहले दिसले नाही, तर त्याला कोणाच्या तरी इशाऱ्यावर किंवा फोनवर अवलंबून राहावे लागते, आणि मग वाजंत्री एक तर अंतरपाट असतानाच सुरू होते किंवा अक्षता पडून गेल्यावर.

अलीकडे अनेक कार्यालयांत सनई ध्वनिमुद्रित असते. प्रवेशद्वारातील ध्वनिवर्धकातून तीच धून सकाळपासून फिरत राहते, आणि अक्षतांच्या वेळी कोणीतरी तिचा आवाज वाढवतो. ज्या शहरात तुळशीबागेच्या राममंदिराला नगारखाना आहे आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आजही नगारखान्याची इमारत उभी आहे, तेथे दिवसाच्या प्रहरांशी आणि विधींच्या क्षणांशी बांधलेले हे वादन असे सुटे होऊन जावे, याचे मला खरोखर दुःख होते. आमच्याकडे दोन सनया, एक सूर धरून ठेवणारी सनई आणि चौघडा असा पूर्ण संच होता. सीमान्तपूजनाच्या वेळी भूपाळीची धून, पुढे तोडी आणि मुहूर्ताच्या सुमारास सारंग, असा क्रम त्यांनी स्वतःच ठरवला होता. मध्यंतरी कोणीतरी एका चित्रपटगीताची फर्माईश केली, ती त्यांनी जेवणाच्या पंगतीसाठी राखून ठेवली आणि पंगतीत आनंदाने पूर्ण केली. मला हा विवेक फार आवडला, कारण जुने तेच वाजवणार असा हट्ट त्यांच्याकडे नव्हता. कोणते सूर कोणत्या वेळी, याचे भान होते.

आता सायंकाळ. येथे सेवेची खरी परीक्षा होती, कारण दोम्ब्रा हे वाद्य त्यांच्यापैकी कोणी आधी हाताळलेले नव्हते. दोम्ब्राला दोनच तारा असतात. एकेकाळी त्या आतड्याच्या असत, आता त्या नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या असतात, आणि त्यांच्यातील अंतर बहुधा आपल्या षड्ज-मध्यमाचे किंवा षड्ज-पंचमाचे असते. लांब दांडी, बांधलेले पडदे आणि नासपतीच्या आकाराचा लाकडी भोपळा, अशी त्याची घडण. त्याचा आवाज जवळ बसलेल्या माणसांसाठी पुरेसा, परंतु मोठ्या सभागृहासाठी अगदी लहान आहे. सनईला ध्वनिक्षेपक नसला तरी चालते. दोम्ब्राचे तसे नाही. ध्वनितंत्रज्ञाने दुपारीच गायकाला बोलावून घेतले, भोपळ्याच्या तोंडापाशी एक छोटा माइक आणि गायकाच्या आवाजासाठी दुसरा, अशी मांडणी केली, आणि मंचावरील ध्वनिवर्धक शिट्टी मारू लागल्यावर तो बंद करून गायकाला त्याशिवाय गाता येईल का, हे आधी विचारले. वातानुकूलन सुरू झाल्यावर तारांचा सूर हलला, तेव्हा पुन्हा सूर लावण्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता. निष्णात हाताने बोटे झपाट्याने दोन्ही तारांवरून खालीवर फिरवली, की त्या दोन तारांतून घोड्याच्या टापांसारखी लय कशी उठते, हे शेवटच्या रांगेतही ऐकू आले, त्याचे श्रेय या तंत्रज्ञाचे आहे.

त्याच दुपारी डीजेने सुचवले, की बेताशारच्या मागे हलका ठेका आणि सनईचे सूर घालून त्याचे ‘फ्यूजन’ करावे. गायकाने नकार दिला, आणि सेवेच्या मालकांनी क्षणाचाही विचार न करता गायकाची बाजू घेतली. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. ठेका एकदा सुरू झाला, की गाणाऱ्याला त्याच्या मागे जावे लागते. बेताशारमध्ये गाणाऱ्याने वधूच्या आणि नातेवाइकांच्या मागे जायचे असते.

ते कसे, हे प्रत्यक्षात दिसले. निवेदिकेने लग्नाआधीच आमच्याकडून नातेवाइकांची यादी आणि प्रत्येकाविषयी एकेक खरी गोष्ट मागून घेतली होती, वधूने ती गायकाला समजावून दिली होती, आणि समारंभात प्रत्येक कडव्याआधी निवेदिका मराठीत एक-दोन वाक्ये बोलून बाजूला होत होती. बेताशारचे कडवे सात-आठ अक्षरांच्या छोट्या ओळींचे असते. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडितातील एकोणीस अक्षरी ओळींची सवय असलेल्या कानांना ती गती प्रथम धावती वाटते, पण कडव्याच्या शेवटी गायक थांबतो आणि वधू वाकून सरळ होईपर्यंत दोम्ब्रावर एकच आघात घोळवत राहतो. काका, आत्या, मामा असा क्रम चालला होता. भाच्याच्या आजींचे नाव आले तेव्हा त्यांनी पाकीट न देता ओटी भरायची ठरवली, हे कोणालाच आधी माहीत नव्हते. त्या काठी टेकत मंचावर चढल्या, वधूने शालीचे टोक पसरले, खण-नारळ आणि तांदूळ घातले गेले, कुंकू शोधले गेले. हे सारे होईपर्यंत गायक तीच एक धून हळुवारपणे वाजवत राहिला, आणि आजी खाली उतरून खुर्चीत बसल्यावर त्याने त्यांच्यासाठी आणखी एक कडवे जागच्या जागी रचून गायले. उत्स्फूर्त रचना ही त्या परंपरेतील मोठी विद्या आहे. दोन कवींनी दोम्ब्रा घेऊन समोरासमोर काव्यातून वाद घालण्याची ‘आयतिस’ ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१५ साली कझाकस्तान आणि किर्गिझस्तान यांच्या नावाने नोंदवली गेली, आणि त्याच्या आदल्या वर्षी दोम्ब्रावरील ‘कुय’ या वाद्यरचनांची कलाही नोंदवली गेली होती. यादीतील नोंद ही एक गोष्ट; एका अनोळखी आजींसाठी, त्यांची भाषा न येता, पुण्यातल्या मंचावर रचलेले कडवे ही दुसरी, आणि मला ही दुसरी अधिक मोलाची वाटते.

वधूच्या नातेवाइकांशी जेवताना बोलणे झाले त्यावरून कळले, की अल्माटीतही हा गायक आज सर्वत्र भेटत नाही. तेथील मोठ्या रेस्टॉरंटांत होणाऱ्या लग्नांत सर्व सूत्रे ‘आसाबा’च्या, म्हणजे व्यावसायिक सूत्रसंचालकाच्या हाती असतात. अनेकदा तोच बेताशार उरकतो, संगीत ध्वनिमुद्रित असते आणि दोम्ब्रा हातात केवळ दिसण्यापुरता असतो. नातेवाइकांचीही एकेकाची नावे न घेता ‘वराचे मामेकुटुंब’ असे गट करून नमस्कार आटोपले जातात, कारण पाहुणे शेकड्यांनी असतात आणि पुढे नृत्याचा संच तयार उभा असतो.

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. कझाक लग्नात पूर्वी प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र गाणे होते. समारंभाची सुरुवात करणारे ‘तोयबास्तार’, वधूच्या घरी मुलगे आणि मुली यांनी दोन बाजूंना उभे राहून सवालजवाबासारखे गायचे ‘झार-झार’, माहेर सोडताना वधूने स्वतः गायचे ‘सिंसू’ हे विलापगीत, आणि सासरी बेताशार. सोव्हिएत काळात विवाहनोंदणी सरकारी कार्यालयात होऊ लागली, शहरी लग्नांत अकॉर्डियन आणि वॉल्ट्झ आले, धार्मिक आणि कौटुंबिक विधींकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले जाऊ लागले. त्याच काळात दोम्ब्रा मात्र रंगमंचावर चढला. अख्मेत झुबानोव्ह यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या आणि पुढे थोर कुय-रचनाकार कुरमानगाझी यांचे नाव लाभलेल्या वाद्यवृंदात लहानमोठ्या आकारांचे दोम्ब्रा पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या धर्तीवर एकत्र वाजू लागले. वाद्याचे वादनतंत्र त्यामुळे पुष्कळ पुढे गेले, पण ऐकणारा माणूस अंगणातून उठून प्रेक्षागृहाच्या खुर्चीत जाऊन बसला. पुढे १९६७ साली अल्माटीच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘दोस-मुकासान’ या समूहाने लोकधुना इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या, आणि सिंथेसायझर आल्यावर लग्नाचा वाद्यवृंद दोन माणसांत भागू लागला. १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यानंतर जुने विधी अभिमानाने परत आणले गेले. आज लग्नांत सर्वांना उठून नाचायला लावणारा ‘कारा जोर्गा’ हा नाच तर चीनमधील कझाकांनी जपला होता आणि तेथून मायदेशी परतलेल्या कुटुंबांबरोबर तो पुन्हा लोकप्रिय झाला. २०१८ पासून जुलैच्या पहिल्या रविवारी तेथे दोम्ब्रा दिवसही साजरा होतो.

या सगळ्यात बेताशार टिकला आणि सिंसू जवळजवळ गेले, याचे कारण मला असे दिसते, की बेताशारला अजून काम आहे. नवी सून आणि सासरचे लोक यांची ओळख आजही करून द्यावी लागते. सिंसू ज्या ताटातुटीसाठी होते ती ताटातूट मात्र राहिली नाही. मुलगी स्वतःच्या पसंतीने लग्न करते, त्याच शहरात राहते, रोज आईशी फोनवर बोलते. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे हेच झाले. जाते घरातून गेले, पहाटेचे दळण गेले, आणि लग्नातल्या मुहूर्ताच्या दळणाला पाच जणी जात्याला हात लावतात तेव्हा गाणे कोणाच्याच तोंडी नसते. मंगलाष्टके मात्र टिकली, कारण मुहूर्ताची घटका भरेपर्यंतचा वेळ आजही शब्दांनी भरावा लागतो.

म्हणूनच सेवेकडून झालेली चूक मला लागली. झार-झार हे गाणे वधूच्या मैत्रिणींना स्वतः गायचे होते. त्या थोड्याच होत्या, पण भाच्याच्या मित्रांना त्यांनी त्यांचा भाग शिकवला होता. या गाण्याचा गाभाच दोन बाजूंत आहे. मुलगे वधूला समजावतात, की रडू नकोस, सासरी तुला सासरे आहेत, ते वडिलांसारखेच आहेत. आणि मुली उत्तर देतात, की सासरे असतील, पण ते माझ्या वडिलांसारखे कसे होतील? पुढे आई, भाऊ, बहीण यांच्याविषयी तसेच. सांत्वन आणि नकार एकाच चालीत, एकमेकांसमोर उभे राहून. प्रत्यक्षात कार्यक्रमपत्रिकेत हा भाग भोजनानंतर, नृत्याच्या सत्रात टाकलेला होता, आणि निवेदिकेने नाव पुकारताच डीजेने इंटरनेटवरून घेतलेले त्याचे नाचाचे रूप लावले. त्यात फक्त पालुपद आणि ठेका होता. मुलींचे उत्तर कापलेले होते. मंडळी उत्साहाने नाचली. वधूच्या मैत्रिणी थोडा वेळ हातात हात धरून उभ्या राहिल्या आणि मग त्याही नाचल्या. त्यांतील एकीने मला समजावले, की तिकडेही पुष्कळ ठिकाणी आता असेच असते. ते खरे असेल. पण येथे गाणारी माणसे शिकून, तयार होऊन आली होती आणि तरी त्यांना गाता आले नाही. दुपारी बेताशारबाबत जी दक्षता दाखवली गेली, ती रात्री दाखवली गेली नाही, कारण बेताशार ‘विधी’ म्हणून नोंदवला गेला होता आणि झार-झार ‘डान्स’ म्हणून. सेवेच्या अर्जात हेच दोन रकाने आहेत. तेथे ‘उपस्थितांचे गायन’ असा तिसरा रकाना हवा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

दुसरी तक्रार आवाजाच्या पातळीची. नृत्याच्या सत्रात मंद्र आवाजाचे मोठे ध्वनिवर्धक पहिल्या रांगेपासून काही हातांवर होते, आणि ज्येष्ठ मंडळी एकामागून एक उठून मागे गेली. वधूचे वडील हे विहीणबाईंशी बोलत होते ते बोलणे तेथेच थांबले. त्याच ध्वनितंत्रज्ञाने दोम्ब्रासाठी एवढा संयम दाखवला होता, त्यामुळे हे अज्ञानाने झाले असे म्हणता येत नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले, की तरुणांची मागणी तशी असते. मागणी असते हे मान्य. परंतु ध्वनिवर्धकांची दिशा वळवणे, ज्येष्ठांच्या खुर्च्या आधीच बाजूला मांडणे, एवढे तर व्यवस्थेच्या हाती आहे.

मधल्या एका प्रसंगाचा उल्लेख करायलाच हवा, जो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. कझाक आतिथ्यात पाहुण्याला गाण्याची विनंती करण्याची रीत आहे. जेवण झाले, की यजमान पाहुण्याला काहीतरी गायला किंवा वाजवायला सांगतो, आणि पाहुणा ते मानतो. वधूच्या मामांनी जेवणाच्या टेबलावरच एक लांब सुराचे गाणे गायले आणि मग अत्यंत आदराने आमच्याकडे पाहिले. आमच्यातील चाळिशीखालच्या कोणालाही विहिणीच्या पंगतीतले एकही गाणे येत नव्हते. शेवटी भाच्याच्या चुलत आजींनी विहीणबाईंना उद्देशून गायची जुनी पदे आठवून दोन कडवी म्हटली, त्यात व्याह्यांची थोडी थट्टा होती, ती वधूने हसत हसत आपल्या आईला समजावली. ध्वनितंत्रज्ञाने हे पाहिले, सभागृहातील पार्श्वसंगीत स्वतःहून बंद केले आणि माइक पुढे आणला नाही. त्याचे मला फार कौतुक वाटले. टेबलाभोवतीच्या माणसांसाठीचे गाणे टेबलापुरतेच राहिले.

खर्चाविषयी थोडेसे. सनई-चौघड्याचा संच, ध्वनिव्यवस्था, निवेदन आणि डीजे यांचे शुल्क वेगवेगळे लावले जाते आणि अंदाजपत्रकात ते स्पष्ट लिहिलेले असते. कार्यालयाच्या ‘सर्वसमावेशक’ पॅकेजपेक्षा ते आम्हाला महाग पडले. परंतु पॅकेजमधील सनई ध्वनिमुद्रित होती, हे खोदून विचारल्यावरच कळले होते. वादकांना पंगतीत बसून जेवण आणि दोन सत्रांच्या मध्ये विश्रांतीची स्वतंत्र खोली, ही अट सेवेच्या करारातच आहे, आणि प्रत्येक सेवेने ती घालावी. बिलात आयत्या वेळची कोणतीही वाढ नव्हती. बाहेरच्या कलावंताला, म्हणजे आमच्या दोम्ब्रावादकाला, ध्वनिसाहाय्य देण्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी माझ्या मते सकाळचा सनई-चौघडा निःशंकपणे घ्यावा. सायंकाळसाठी ध्वनिव्यवस्था घ्यावी, पण घरातील किंवा पाहुण्यांतील कोणी प्रत्यक्ष गाणार असेल, तर त्याचे नाव, वेळ आणि ‘या वेळी कोणतेही ध्वनिमुद्रण लावू नये’ हे वाक्य करारात लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले डीजेपर्यंत पोहोचत नाही. कार्यक्रमपत्रिका ठरवताना मालकांबरोबर डीजेलाही बसवावे. सनईसाठीची जागा कार्यालय ठरवतानाच पाहून ठेवावी, कारण काही सभागृहांत बोहले आणि वाजंत्री यांच्यामध्ये खांब येतो आणि मग कितीही चांगला वादक असला तरी त्याचा निरुपाय होतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या काही मुहूर्तांसाठी हा संच फार आधी ठरलेला असतो, असे मालकांनीच सांगितले. त्या दिवसांतील तारीख असेल, तर कार्यालयाची नोंदणी झाली की लगेच त्यांना विचारावे.